निळ्या साहेबाचा लाल मेस्त्री

कॅम्पात नवा माणूस आला आणि त्यानं विचारलं, "मेस्त्री, गाव कुठलं?" की हा सांगायचा, "गुहागरकडचा. आणि लाल."

नवा माणूस बिचकायचा. त्याला वाटायचं, हा लाल बावट्याचा, युनियनवाला. कतारात युनियनचं नाव काढलं तर मिळेल त्या विमानात बसवून परत पाठवतात, एवढं मुंबईच्या एजंटानं त्याला सांगितलेलं असायचं. मग मला खुलासा करायला लागायचा, की तसलं काही नाही बाबा, हा बर्फावरच्या हॉकीतला लाल आहे. त्यावर तो आणखीच गोंधळायचा.

तुम्हीही गोंधळला असाल. सांगतो.

सत्तरची सालं सरून ऐंशीची लागली, तो काळ. मी कऱ्हाडकडचा, शिक्षण चौथी, कंपनीच्या पिकअपवर डायवर. हा त्याच कंपनीत एसी मेस्त्री. सनैयातल्या, म्हणजे कारखान्यांच्या भागातल्या, कॅम्पात आमची खोली एक, दिवसभर पिकअपही एकच. कंपनीचे दोन मोठे साहेब कॅनडाचे. एक काटकुळा, एक जाडा. दोह्यातच गराफाच्या बाजूला दोघांचे व्हिले, म्हणजे बंगले, समोरासमोर. देश एक, पण शहरं दोन, आणि दोन्ही शहरांच्या हॉकीच्या टीम. काटकुळ्याच्या टीमचा शर्ट लाल, जाड्याच्या निळा. दोघं एका गाडीतनं हापिसात जायचे, एका टेबलावर जेवायचे, पण हॉकीचा विषय निघाला की लगेच भाऊबंदकी. जाडा म्हणायचा, माझ्या आज्याला लाल रंग चालत नव्हता, म्हणून आमच्या घरात टमाटोसुद्धा उशिरा आला.

खेळ असा, की मैदानभर बर्फ. पायात पात्या लावलेले गडी हातात काठ्या घेऊन सुसाट पळतात आणि एक काळी चकती हाणतात. ती चकती काही दिसत नाही. मधेच खेळ सोडून मारामारी करतात, पंच बघत उभा राहतो, मग दमल्यावर सोडवतो.

मेस्त्री या नादाला कसा लागला, तेही ऐका. काटकुळ्या साहेबाच्या हॉलमधला एसी बिघडला होता. साहेब टीव्हीवर मॅच बघत बसलेला. मेस्त्री स्टुलावर चढला, मागं वळून टीव्हीकडं बघितलं आणि हातातला पाना तसाच राहिला. मी दारात उभा. बराच वेळ बघून त्यानं साहेबाला विचारलं, "साब, इसका कंप्रेसर कितने टन का है?"

साहेबाला आधी कळेना. कळल्यावर तो हसत सुटला. एवढी वर्षं तो ती मॅच बघत होता, पण खालचा बर्फ कुणीतरी मशीन लावून गार ठेवतं, हे त्याच्या डोक्यात कधी आलं नव्हतं. त्यानं मेस्त्रीला खाली बसवलं, खेळ समजावला, आणि पुढच्या सुट्टीवरनं येताना त्याच्यासाठी लाल जर्सी घेऊन आला. लोकरीसारखी जाड. दोह्यात ती घालायची म्हणजे अंगावर घोंगडं घेऊन चुलीजवळ बसायचं. पण दर जुम्म्याला हा ती घालणार, आणि घालता यावी म्हणून खोलीतला एसी फुल करणार. आम्ही बाकीचे चादरी गुंडाळून कुडकुडत बसायचो.

"मेस्त्री, एसी कमी कर."

"गप रे मेल्या. आज मॅच आहे."

मॅच म्हणजे महिन्यापूर्वी तिकडं होऊन गेलेली. कुणी सुट्टीवरनं येताना कॅसेट आणायचा. साहेबांकडं मशीनही खास होतं, तिकडची नि इकडची दोन्ही कॅसेट चालवणारं. जुम्म्याला दुपारी आम्हाला दोघांना काटकुळा साहेब आत बोलवायचा. मेस्त्री खाली सतरंजीवर बसायचा, सोफ्यावर नाही. म्हणायचा, सोफ्यावर बसलं की ओरडता येत नाही.

समोरच्या जाड्या साहेबाच्या व्हिल्याचं कामही त्याच्याकडंच होतं. काम चोख करायचा, जाळ्या काढून धुवायचा, पाइप फुंकून बघायचा. पण त्या घरातलं पाणी प्यायचा नाही. जाडा साहेब मुद्दाम गार कोला काढून त्याच्यासमोर ठेवायचा. "मिस्त्री, ड्रिंक." हा हात जोडायचा, "साब, आपका घर नीला है." आणि खाली येऊन माझ्या थर्मासातलं कोमट पाणी घटाघटा प्यायचा. साहेब गॅलरीतनं बघत हसायचा.

मी निळा. त्याला कारण नाही. हा उठता-बसता लाल लाल करायचा आणि मला कुणाच्या मागनं जायची सवय नाही. एक दिवस सांगून टाकलं, आजपासनं मी निळा. त्याला एवढा आनंद झाला की त्यानं त्या दिवशी माझ्यासाठी स्वतः मासे तळले. म्हणाला, "आता बरं झालं. भांडायला खोलीतच माणूस मिळाला."

एकदा विमानतळावर कॅसेट अडकली. बाहेरनं आलेली कॅसेट ते लोक आधी स्वतः चालवून बघायचे, आत काही वाईट-वंगाळ नाही ना म्हणून. सोडवून आणायला मला पाठवलं. तपासणारा बाबू दाढीवाला, वयस्कर. त्यानं कॅसेट माझ्या हातात दिली, मान हलवली आणि दुःखी चेहऱ्यानं म्हणाला, "लाल खलास." त्यानं सगळी मॅच बघितली होती.

बाहेर पिकअपमध्ये मेस्त्री. "काय म्हणाला बाबू?"

"सांभाळून जा म्हणाला."

त्या दुपारी हा सतरंजीवर उकिडवा बसून लाल गड्यांना गुहागरच्या भाषेत वाट दाखवत होता. पहिले दोन गोल लालचे झाले. त्यानं माझ्या पाठीत गुद्दा घातला. शेवट माहीत असताना दुसऱ्याचा आनंद बघणं किती अवघड असतं, ते तुम्हीही कुठं ना कुठं बघितलं असेल.

पुढं तेलाचा भाव पडला. कामं बंद व्हायला लागली. काटकुळा साहेब बायकोमुलं घेऊन कॅनडाला निघून गेला आणि आमचं सगळं मेंटेनन्स खातं जाड्या साहेबाच्या हाताखाली आलं. मग बातमी फुटली की कंपनी निम्मी माणसं कमी करणार. कोण राहणार, कोण जाणार, ते साहेब ठरवणार, असं कॅम्पात सगळे धरून चालले.

मेस्त्रीच्या धाकट्या भावाचं बोटीचं काम अर्ध्यावर होतं, घरात दोन पोरी लग्नाच्या. त्याला अजून दोन-तीन वर्षं तरी राहायचं होतं. हे तो बोलून दाखवायचा नाही, पण त्याची झोप गेली होती. शेजारच्या खाटेवर मी होतो, मला कळत होतं.

आमच्या मेसचा कुक केरळचा, हुशार माणूस. त्यानं सूकमधनं, म्हणजे तिथल्या बाजारातनं, निळ्या टोप्या आणल्या आणि वाटल्या. मेस्त्रीला म्हणाला, "मेस्त्री, टोपी पहनो. दो घंटे का काम है. बाद में उतार दो."

"नाही घालणार."

"अरे, नौकरी का सवाल है."

"नोकरीसाठी एसी दुरुस्त करतो ना मी. टोपी कशाला घालू?"

मीही समजावलं. म्हटलं, "मेस्त्री, साहेबाला खूश करायला काय जातंय? मनात लाल रहा."

तो म्हणाला, "तू घालशील लाल टोपी?"

मी उठून पिकअप धुवायला गेलो.

जुम्म्याला जाड्या साहेबाच्या हॉलमध्ये जत्रा भरली. वेल्डर, सुतार, पेंटर, ज्यांनी मेसच्या पेटीबाहेर बर्फ बघितला नव्हता ते सगळे निळ्या टोप्या घालून हजर. साहेबाला काही कळेना, पण त्यानं सगळ्यांना बसवलं. मॅच सुरू झाली. चकती कुणाला दिसत नव्हती, त्यामुळं टाळ्या कधी वाजवायच्या हा प्रश्न. सगळे साहेबाकडं डोळे लावून बसलेले. साहेब हलला की टाळ्या. लालनं गोल केला, साहेबानं कपाळावर हात मारला, तर हॉल टाळ्यांनी दणाणला. साहेब पाणी आणायला उठला तेव्हाही वाजल्या. मी निळा असून मला लाज वाटली.

तेवढ्यात दार उघडून मेस्त्री आला. अंगात लाल जर्सी, घामानं भिजलेली. कुकानं डोळे मिटून घेतले.

साहेबानं मशीन थांबवलं. "मिस्त्री. यू स्टिल रेड?"

"रेड, साब."

"युवर बॉस गॉन होम."

"साब गया. टीम किधर गया?"

साहेबानं सोफ्यावरची उशी काढून त्याच्यापुढं सतरंजीवर टाकली. मेस्त्री बसला आणि मशीन पुन्हा सुरू झालं. मग मी जे बघितलं तसं परत बघितलं नाही. साहेब इंग्लिशमधनं, मेस्त्री मराठीतनं, दोघं एकमेकांच्या टीमचा उद्धार करत होते आणि दोघांना सगळं कळत होतं.

"तुझा गोलकीपर झोपलाय काय? त्याला खाट दे."

साहेब म्हणायचा, "नो, नो, मिस्त्री, यू वेट."

निळ्या टोप्या दोघांच्या मधे टकमका बघत होत्या. कोला आला. मेस्त्रीनं हात जोडले. साहेब खूश होऊन म्हणाला, "गुड." लाल हरले. जाताना मेस्त्री म्हणाला, "नेक्स्ट जुम्मा." साहेब म्हणाला, "इन्शाल्ला."

दोन दिवसांनी साहेब मला म्हणाला, हेड ऑफिसला चल. आत गेला, बराच वेळ लागला. पुढच्या दिवशी परत. त्याच्या पुढच्या दिवशीही. तिसऱ्यांदा बाहेर आला आणि पिकअपमध्ये पुढं माझ्याशेजारी बसला. एरवी तो असा कधी बसत नसे. म्हणाला, "मिस्त्री खलास." माणसं कमी करणं त्याच्या हातात कधी नव्हतंच. वरच्या लोकांनी ते आधीच ठरवलं होतं. टोप्या घातलेले पुष्कळ गेले, कुक गेला, मेस्त्री गेला. मी राहिलो, कारण गाडी कुणीतरी चालवायला हवी.

विमानतळावर मीच सोडला. रस्ताभर तो एसीच्या जाळ्या कधी धुवायच्या ते सांगत होता. उतरताना म्हणाला, "डायवर, आता माझ्या आठवणीनं लाल-बिल होऊ नकोस. मला आवडणार नाही."

"तुझ्यासाठी कोण होतंय," मी म्हणालो.

"झालं तर मग," म्हणाला, आणि पेटी उचलून आत गेला. परत कधी भेटला नाही. भाऊ बोटीवर जातो, पोरी उजवल्या, एवढं गुहागरच्या एका माणसाकडनं कळलं.

महिन्याभरानं नवी कॅसेट आली. लाल विरुद्ध निळा. साहेबानं मला आत बोलावलं. हॉलमध्ये आम्ही दोघंच. तो म्हणाला, "टुडे यू रेड."

"नो, साब. मी ब्लू."

"वन डे ओन्ली."

मी मान हलवली. त्यानं फार आग्रह केला नाही. मॅच लागली. निळ्यांनी एक गोल केला, लगेच दुसरा, मग तिसरा. साहेब बघत होता, मी बघत होतो. भांडायला समोर लाल कुणी नव्हता. मधल्या सुट्टीच्या आधीच त्यानं उठून मशीन बंद केलं, कॅसेट डब्यात घातली आणि मला कोला आणून दिला. मी तो प्यायलो. माझ्यासाठी ते घर निळंच होतं, नाही म्हणायला मला काही कारण नव्हतं.