तहान लावणारं औषध

प्रयोगशाळेच्या तळघरात ससे सांभाळणाऱ्या बाईंना सगळे आक्का म्हणत. वयापेक्षा दराऱ्यामुळे जास्त. मोठे साहेब मात्र तळघरात पाऊल ठेवत नसत. उंटावरून शेळ्या हाकाव्यात, तसे ते वरच्या मजल्यावरून ससे हाकत.

त्यांचा प्रयोग काय आहे, ते त्यांनीच आक्काला एकदा वर बोलावून समजावलं होतं. पोटातल्या स्वादुपिंड नावाच्या ग्रंथीत इन्सुलिन तयार होतं, आणि ते साठवून ठेवायला तिथल्या पेशींना जस्त लागतं. साहेबांचं औषध नेमकं त्या जस्ताला जाऊन चिकटायचं. पेशी मरायच्या, रक्तातली साखर भडकायची आणि चांगल्या धडधाकट सशाला मधुमेह व्हायचा. म्हणजे मुद्दाम आजारी पाडायचं, एवढं आक्काला कळलं. घरी नवरा त्याच आजाराने बेजार होता. उद्या अशा माणसांच्या कामी येईल, म्हणून तिने तेही गिळलं.

इंजेक्शन दिलेले ससे सारखे पाणी पीत आणि तितकंच मुतत. औषधामुळे किती जस्त बाहेर पडतं ते मोजायला पिंजऱ्याखाली लघवीची बाटली लावलेली असे. ती भरून वाहू लागली आणि मोजमाप चुकलं. आक्का म्हणाली, मोठी बाटली लावा. त्या मागवाव्या लागतील, वेळ जाईल, असं उत्तर आलं. पाठोपाठ हुकूम आला, की संध्याकाळी सशांचं पाणी काढून घ्या.

आक्काच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आपला नवरा घसा कोरडा पडला की कसा कासावीस होतो, ते ती रोज बघत होती. तिने साफ नकार दिला. मग ती घरी गेल्यावर साहेबांच्या सहायकाने गुपचूप पाण्याच्या बाटल्या काढल्या. शिकलेली माणसं, आणि काम चोराचं!

सकाळी एका कानाला चीर असलेला ससा पिंजऱ्याची कोरडी जाळी चाटत बसलेला दिसला. आक्काने सगळ्या बाटल्या परत लावल्या. सहायक वर पळाला आणि साहेब पहिल्यांदाच खाली आले. पाणी दिल्यामुळे लघवीचे सगळे नमुने वाया गेले, असं ते सांगू लागले.

"तहान तुम्ही लावलीत, साहेब," आक्का म्हणाली. "पाणी मी देणार."

उद्यापासून जिने धुवायचे, असं साहेबांनी तिथल्या तिथे सुनावलं. धुईन की, जिने काही चावत नाहीत, ती म्हणाली. साहेबांनी त्या सशाची बाटली काढायला हात नेला, तशी ती मध्ये उभी राहिली.

"आधी त्याचं पिऊन होऊ द्या."

साहेब थांबले. ससा नळीला तोंड लावून पीतच राहिला, बाटली रिकामी झाली तरी त्याचं तोंड नळीवरून हटेना. आक्काने दुसरी बाटली लावली. साहेबांनी अडवलं नाही, पण ससा अजून पितोच आहे हे बघून त्यांनी मान फिरवली.