उंबऱ्याबाहेरचा पाय

आमच्या आत्यासारखी हट्टी बाई सोलापुरात दुसरी नसेल, आणि मी जन्मभर कृत्रिम अवयवांच्या संशोधनात रमलो तो तिच्या हट्टापायीच. लोक विचारतात, या क्षेत्राकडे कसे वळलात? काय सांगू, दारातल्या चपलांमुळे.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. त्याआधीच विधवा होऊन आत्या माहेरी आली होती, ती थेट चुलीचा ताबा घेऊनच. आईला कडक भाकरी जमत नाही, हे तिनं आल्या आल्या जाहीर केलं. मग अक्कलकोटच्या रस्त्यावर ट्रकखाली तिचा डावा पाय घोट्याच्या वरून गेला. तेव्हापासून ती सोप्यात बसून असायची आणि आई ताट आणून द्यायची. "आयतं खाऊन खाऊन मी मरनार बघ," म्हणायची आणि खरंच अर्धी भाकरी तशीच टाकायची.

मी पुण्यात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो. तिथल्या एका इस्पितळात तिच्यासाठी पाय करून घेतला. लाकडाचा, चामड्याच्या पट्ट्यांचा, खाली काळा बूट पक्का ठोकलेला. सोलापूरला रिक्षातून उतरून आत्या काठी न घेता दारापर्यंत चालत आली. गल्लीतल्या बाया तोंडाला पदर लावून बघत होत्या. माझी छाती ही एवढी फुगली! आणि आत्या दारात मटकन बसली, पट्टे सोडले, पाय चपलांच्या ओळीत नीट उभा केला आणि बूड घासत आत गेली.

"आत्या! अगं तो पाय आहे, चप्पल नव्हे!"

"मग त्येला बूट कशाला लावलाय? चामडं घालून चुलीपाशी जाऊ व्हय? देव हाय की तितं."

मी भडकलो. आईनंही तिचीच बाजू घेतली. आता बोलणार काय, कप्पाळ! त्या दिवसापासून आत्या बाजारात ऐटीत चालायची आणि घरात सरपटायची. बूट उचकटून बघितला, तर खाली नुसता लाकडी दांडका. शहाबादी फरशीवर तो ठरेना.

इस्पितळातल्या डॉक्टरांना सांगितलं, तर ते हसले. "त्यांना म्हणावं, देवाला बूट चालतो." देवाला चालत असेल हो, आत्याला चालत नव्हता, त्याचं काय? तिचं काही चुकलं नव्हतं. पाय करणाऱ्यांनी तिचं घरच बघितलं नव्हतं.

वडिलांनी गिरणीत माझ्यासाठी शब्द टाकून ठेवला होता. मी परीक्षा होताच त्याच इस्पितळाच्या वर्कशॉपमध्ये चिकटलो. वडील बरेच दिवस माझ्याशी नीट बोलले नाहीत. टायर रिमोल्ड करणाऱ्याच्या भट्टीत मी रबराचा पंजा भाजून काढला. तो बघून आत्या म्हणाली, "आगं बया, म्हशीचा खूर!" त्यानंतरचा पंजा तडकला. त्याच्या पुढच्याला मात्र बोटं होती, रंग गव्हाळ होता आणि चामड्याच्या जागी जाड सुती पट्टे.

तो घालून ती उंबऱ्यापर्यंत आली आणि थांबली. आता ही पुन्हा पट्टे सोडणार, असं मला वाटलं. पण ती वळली ती अंगणातल्या रांजणाकडं. बाहेरून आलं की पाय धुतल्याशिवाय ती कधी आत जात नसे. तांब्या भरून तिनं उजवा पाय धुतला. मग मी केलेल्या पायावर पाणी ओतलं आणि त्याची बोटंसुद्धा एकेक करून घासली. "अगं, आत लाकूड आहे," असं मी म्हणणार होतो, पण तांब्या रिकामा झाला तसा मीच तो पुन्हा भरून दिला.

दोन्ही पाय धुऊन ती चालत चुलीपाशी गेली.

"सरा वैनी," ती आईला म्हणाली, "लई दिस तुमच्या मऊ भाकरी खाल्ल्या."

आईनं डोळे पुसत पीठ मळायची काटवट तिच्यापुढं सरकवली.