अण्णांच्या मोटारीचं मऊ नाक

हसायचं असेल तर आधी हातातला चहा संपवा. मागं हीच फजिती सांगताना मेहुण्याच्या नाकातून चहा बाहेर आला आणि बहिणीच्या शिव्या मी खाल्ल्या!

ऐंशी साल उजाडायला दोन-तीन वर्षं होती. सोलापुरात होटगी रस्त्याला माझी मोटारी रंगवायची शेड होती. ट्रक, जीप, टेम्पो, येईल ते रंगवायचो. हात चांगला होता, खोटं कशाला बोलू? पण हातापेक्षा तोंड जास्त चालायचं. 'पेंटर, जमेल का?' असं कुणी विचारलं की त्याचं वाक्य संपायच्या आत मी हो म्हणून मोकळा!

अशात एक दिवस शिवलिंगप्पा अण्णांची मोटार शेडसमोर उभी राहिली. अण्णा मूळचे अक्कलकोटकडचे, पेंडीचे व्यापारी, अंगानं दाराएवढे. घरात कानडी, दुकानात मराठी आणि रागात दोन्ही. त्यांनी नुकतीच मुंबईहून जुनी परदेशी मोटार आणली होती. झेंडूसारखी पिवळी! ती रस्त्यानं निघाली की लोक सायकलवरून उतरून बघायचे.

तिला पुढं लोखंडी बंपरच नव्हता. दिव्यांच्या खाली मऊ प्लॅस्टिकचं गुबगुबीत नाक होतं, गाडीच्याच रंगाचं. आणि त्या नाकावर पांढरेफटक पट्टे उठले होते.

"तम्मा, कुटंतरी घासली बघ," अण्णा म्हणाले. तम्मा म्हणजे कानडीत धाकटा भाऊ. "रविवारी विजापूरचे पाव्हणे येनार हायत. पोरीचं ठरल्यासारकंच हाय, पन मुलाचे वडील पडले वकील. तीनदा आले, तीनदा च्या पिऊन गेले. हसत न्हाईत, हो म्हनत न्हाईत. गाडी एकदम नवी दिसली पायजे."

"दिसेल की!"

मग अण्णांनी त्या नाकाला गुडघा लावून दाबलं. नाक वीतभर आत गेलं!

"बघ, कसं आत जातंय बघ!"

गुडघा काढला. नाक टुणकन बाहेर.

अण्णा मला कौतुकानं दाखवत होते हो. आणि मी काय समजलो? तक्रार! मला वाटलं, पावसाळ्यात पापड सादळतो तशी ही गाडी बोटीतून येताना सादळली असणार. समुद्राची हवा लागली, दुसरं काय?

"काळजी सोडा अण्णा," मी छाती पुढं काढून म्हणालो. "हत्तीनं लाथ मारली तरी हलणार नाही असं करून देतो!"

अण्णा खदाखदा हसले. त्यांना वाटलं, पेंटर गंमत करतोय.

शेजारच्या शेडमधले रहीमचाचा पत्र्याचे पोचे काढायचे. आयुष्य हातोडीवर गेलेला माणूस. ते आले, त्यांनी नाक बोटानं दाबून बघितलं आणि म्हणाले, "पेंटर, ये पत्रा नै है. इसकू लांबी नक्को लगाव. हिल्या तो सब निकल जाता."

लांबी म्हणजे खड्डे बुजवायचा आमचा लगदा. वाळला की दगड.

"चाचा, हिलेगाच नै तो निकलेगा कैसे?" मी म्हणालो.

काय बिनतोड वाटलं होतं मला ते तेव्हा!

पॉलिश पेपर मारायला गेलो, तर ते नाक हाताखाली नुसतं लदलदायचं. म्हटलं, जाऊ दे, घासायचं कशाला? वरून झाकायचंच आहे की! लांबीचा एक थर दिला. वाळवला. दुसरा दिला. तिसरा तर असा लिंपला की गवंडी लाजला असता. मग पिवळा रंग जुळवण्यात दोन दिवस गेले. एकदा हळद झाली, एकदा लिंबू, शेवटी झेंडू जमला. फवारा मारला आणि मागं सरून बघितलं. अहाहा! वाळल्यावर बोटानं वाजवून बघितलं. टक्‌ टक्‌! एकदम शहाबादी फरशी!

शनिवारी अण्णा आले आणि लांबूनच खूष झाले. "रंग अजून कच्चा आहे, हात लावू नका," मी बजावलं.

"न्हाई लावत. उद्या सकाळी च्याला ये तम्मा. पाव्हण्यांशी ओळख करून देतो."

मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो की! अंगणात पिवळीधमक गाडी, बाजूला खुर्च्या, आणि मधोमध वकीलसाहेब. काळा कोट, घट्ट मिटलेले ओठ. त्यांनी एकदा माझ्याकडं बघितलं, तर न केलेले गुन्हेही मला आठवायला लागले.

अण्णा उठले. "वकीलसाहेब, ही गाडी साधी न्हाई बरं का. हिचं नाक रबरासारकं हाय. कुनी धडकलं तरी आत जातंय आन् परत भायेर येतंय! आल्यागेल्याला मी हेच दाकवतो. मारा, लाथ मारा!"

आत्ता उजेड पडला डोक्यात! म्हणजे तो दोष नव्हता? ती त्या गाडीची शान होती?

मी पळत जाऊन गाडीपुढं आडवा उभा राहिलो. "नको नको! पाहुण्यांनी लाथ... बरं दिसत नाही ते!"

"बाजूला हो तम्मा. मारा हो साहेब, जोरात!"

वकीलसाहेब भिडेखातर उठले. पाय उचलला आणि हाणला.

खाड्!

नाक हललं नाही. वकीलसाहेब हलले. अंगठा धरून एका पायावर लंगडी घालत ते खुर्चीपर्यंत गेले.

"असं कसं?" अण्णांचा चेहरा पडला. "ये, एनायतु? आठवड्यामागं तर आत जात हुतं!" आणि त्यांनी सगळ्या अंगाचा भार घालून गुडघा रोवला.

आतलं प्लॅस्टिक आपल्या स्वभावाला जागलं हो! ते गेलं आत. माझी लांबी कशी जाणार? कडाड्! तीन थर आणि रंग अख्खं खापर होऊन सुटलं आणि वकीलसाहेबांच्या पायाशी येऊन पडलं. आणि खालून काय निघालं? तेच जुनं नाक. स्वच्छ, पिवळं, चकचकीत. एक पट्टा नाही!

वकीलसाहेबांनी वाकून ते खापर उचललं, उलटं केलं. पाठीला पांढरं चिकटलेलं. नखानं खरवडून त्यांनी वास घेतला.

"पेंटर तुम्हीच का?"

"हो."

"हा चुना आहे. गाडी ओल्या भिंतीला घासली असणार. रंगवण्यापूर्वी ओलं फडकं मारून बघितलंत?"

"नाही."

"मग किती दिवस काम केलंत?"

"सहा," मी म्हणालो.

वकीलसाहेबांचे ओठ थरथरले. मला वाटलं, झालं, मोडलं लग्न, आणि तेही माझ्यामुळं! तोच त्या माणसाच्या पोटातून असं हसू फुटलं की खुर्ची करकरली. एका हातात अंगठा, दुसऱ्या हातात खापर, डोळ्यांतून पाणी! त्यांच्या बायकोनं अण्णांच्या बायकोचा हात धरला. "वैनी, पाच वर्षांनी हसले बघा हे. तुमचं घर चांगल्या पायगुणाचं हाय. सुपारी फोडू या."

आणि फुटली की! अण्णांनी मला ओरडायला तोंड उघडलं होतं, त्यात त्यांच्या बायकोनं पेढा कोंबला.

प्लॅस्टिकसाठी रंगात वेगळं औषध मिसळतात, म्हणजे वाकलं की रंगही वाकतो, हे मला पुढं पुण्याच्या एका रंगवाल्यानं सांगितलं. पण तोवर माझी कीर्ती तालुक्यातालुक्यात पसरली होती.

सुपारी फुटल्यावर चारच दिवसांनी सांगोल्याचा एक शेतकरी जुनी जीप घेऊन आला.

"ते रंगवाले पेंटर तुमीच का?"

"मीच की! बोला, कुठला रंग द्यायचा?"

"द्यायचा न्हाय ओ. रंग देनारा चांगला मानूस हाय आमच्या गावात. तुमी म्हनं अक्का रंग एका दनक्यात सोलून काडता. तेवडा जुना काडून द्या!"