शिप्रेलाचे धागे

दुर्गा वाकनीस अकरा वर्षांची असताना तिला टायफॉईड झाला. एकविसाव्या दिवशी ताप उतरला, पण जाताना कान घेऊन गेला. उजव्या कानाला भांडं पडल्याचा आवाज तेवढा यायचा, डाव्याला काहीच नाही. शाळा सुटली. वडील उज्जैनला ग्वाल्हेर दरबारच्या इंजिनीअरिंग खात्यात नकाशे काढायचे. त्यांनी तिला समोर बसवून रेघ ओढायला शिकवलं. पुलांचे, विहिरींचे, धर्मशाळांचे नकाशे ती पंधराव्या वर्षी अशी उतरवू लागली, की वडिलांची रेघ कोणती आणि तिची कोणती हे खात्यातल्या लोकांनाही सांगता येईना.

लग्न जमलं नाही. पाहायला येणाऱ्यांनी काय विचारलं हे तिला दुसऱ्यांदा सांगावं लागे, आणि तिसऱ्यांदा विचारायला कोणी थांबत नसे. पुढे स्थळं येणं थांबलं. १९४५ मध्ये वडील गेले, आणि घरात थोरला भाऊ श्रीकांत, वहिनी सुलू आणि दुर्गा एवढी तीन माणसं उरली.

कॉलेजात वनस्पतिशास्त्राला चित्रं काढणारा माणूस हवा आहे ही बातमी श्रीकांतनंच आणली. विभागाचे प्रमुख गोपाळकृष्ण आठल्ये मूळचे रत्नागिरीकडचे, पुण्यात शिकून नोकरीसाठी उज्जैनला आलेले. त्यांनी दुर्गाला सूक्ष्मदर्शकापुढे बसवून कांद्याची साल दाखवली, आणि तासाभरानं तिचा कागद पाहून दुसऱ्या दिवसापासून यायला सांगितलं.

ओळखीच्या माणसाचं मराठी तिला ओठांवरून समजे. अनोळखी माणसाचं, आणि त्यात हिंदी असेल तर, फारसं नाही. सरांना जाड मिशा होत्या, त्या वरच्या ओठावरून खाली येत. पहिले दोन दिवस ते प्रत्येक गोष्ट चिठ्ठीवर लिहून देत होते. तिसऱ्या दिवशी ते मिशी काढून आले. त्या दिवसापासून तिला ते काय म्हणतात ते कळू लागलं. घराबाहेरचं असं माणूस तिच्या आयुष्यात तेवढं एकच होतं.

आठल्ये सरांना नाद होता पाण्यात कुजणाऱ्या लाकडाचा. जंगलात पडलेल्या लाकडावरच्या बुरश्या पुष्कळांनी अभ्यासल्या होत्या. नदीत बुडालेलं लाकूड कोण कुजवतं, याकडे मात्र तेव्हा फारसं कोणी पाहिलं नव्हतं. सकाळी राम घाटावर यात्रेकरूंची आंघोळ चालू असताना सर धोतर खोचून गुडघाभर पाण्यात उतरत, आणि चिखलातल्या फळ्या, मोळ्या, तुटलेली वल्ही उचलून आणत. घाटावरचे पंडे त्यांना लकडीवाले मास्टर म्हणायचे.

सत्तेचाळीसच्या डिसेंबरात त्यांना एका फुटलेल्या नावेची आंब्याची फळी मिळाली. ती धुऊन, ओल्या टिपकागदावर काचेच्या भांड्यात झाकून ठेवली. दोन आठवड्यांनी तिच्यावर खसखशीच्या दाण्याहून बारीक काळे ठिपके उठले. ठिपका कापला की आत नाजूक पिशव्या दिसत, आणि प्रत्येक पिशवीत आठ बीजाणू, जिऱ्याच्या आकाराचे. सरांनी आठ दिवस ग्रंथ चाळले. ही बुरशी ठाऊक असलेल्या कुठल्याच प्रजातीत बसत नव्हती.

चित्रं दुर्गाकडे आली. तिनं पाण्याच्या थेंबातच ठिपका फोडला आणि काढायला बसली. तिचा हात सावकाश चाले. अर्ध्या तासानं पिशवीतून सुटलेल्या एका बीजाणूकडे तिचं लक्ष गेलं. त्याच्या टोकाला टोपीसारखं काहीतरी होतं, ते सैल झालं होतं. तिच्या देखत ते उलगडत गेलं आणि त्याचा लांब धागा झाला, बीजाणूच्या दहापट. मग दुसऱ्या टोकाचंही तसंच. तिनं चित्रात धागेही काढले.

सरांनी दुसऱ्या दिवशी आपल्या स्लाइड पाहिल्या. त्या रासायनिक द्रावणात बसवलेल्या, कायम टिकणाऱ्या. त्यांत एकाही बीजाणूला धागा नव्हता. ते म्हणाले, नदीच्या पाण्यातला चिकट कचरा असेल. दुर्गानं सांगितलं की तिनं तो उलगडताना पाहिला आहे. आपलं म्हणणं तिला नीट पोचावं म्हणून सरांनी चिठ्ठी लिहिली: ‘सगळ्या स्लाइडवर दिसतं तेवढंच काढायचं.’ दुर्गानं ब्लेडनं शाई खरवडून धागे काढून टाकले. पेन्सिलीचं कच्चं चित्र तिच्या वहीत राहिलं.

एकोणपन्नास साली कलकत्त्याच्या नियतकालिकात लेख छापून आला. नव्या प्रजातीला सरांनी शिप्रा नदीचं नाव दिलं, शिप्रेला. कपाटातल्या नमुन्याच्या पाकिटावर दुर्गानं सुवाच्य अक्षरात ते लिहिलं. खाली ठिकाण लिहिताना तिनं क्षणभर विचार केला. नमुना मिळाला तेव्हा ग्वाल्हेर संस्थान होतं, आता मध्यभारत झाला होता. तिनं नुसतं ‘उज्जैन’ लिहिलं.

चार वर्षं शिप्रेला सुखात नांदली. त्रेपन्न साली इंग्लंडहून एका तज्ज्ञाचा लेख आला. त्यांनी सरांकडून मागवलेला वाळका नमुना तपासला होता. सत्तर वर्षांपूर्वी फ्रान्समध्ये ओल्या लाकडावर सापडलेल्या एका जुन्या प्रजातीत आणि शिप्रेलात त्यांना काहीही फरक दिसला नव्हता. त्यांनी शिप्रेला त्या प्रजातीत विलीन करून टाकली. नियम असा की असं नाव पुसत नाहीत, पण यापुढे ते त्या जुन्या नावाखाली बारीक अक्षरात राहणार. स्टाफरूममध्ये कोणीतरी म्हणालं, की संस्थानंही विलीन झाली, आठल्यांची बुरशी का राहील. सगळे हसले. दुर्गाला शब्द कळले नाहीत, पण सरांचा चेहरा तिला दिसला.

ती वही घेऊन त्यांच्या खोलीत गेली आणि सहा वर्षांपूर्वीचं पान उघडून त्यांच्यापुढे ठेवलं. सरांनी ते बराच वेळ पाहिलं.

“वाळलेल्या नमुन्यात हे कसं दिसणार?” ते म्हणाले. “त्यांना दिसलं नाही. मला दिसलं नाही.”

“आता पाठवू या,” दुर्गा म्हणाली. “त्या जुन्या प्रजातीला धागे नाहीत ना?”

“नाहीत. पण आधी का नाही दाखवले, असं विचारतील.”

“मी सांगेन, मी काढायला विसरले.”

“तू विसरली नव्हतीस.” सरांनी वही मिटून तिच्या हातात दिली. “जाऊ दे.”

त्यानंतर त्यांनी गव्हाच्या पानांवरच्या डागांचं काम घेतलं. राम घाटावर जाणं बंद झालं. दुर्गा डाग काढायची. डाग काढायला फार वेळ लागत नाही.

छप्पनच्या नोव्हेंबरात मध्यभारत गेला आणि नवा मध्य प्रदेश झाला. कचेऱ्या भोपाळला हलल्या. श्रीकांत भूमि-अभिलेख खात्यात होता, त्याची बदली पहिल्याच यादीत निघाली.

“तिथं क्वार्टर मिळून राहिलाय,” तो म्हणाला. “तू एकटी इथं काय करशील?”

दुर्गा म्हणाली की तिची नोकरी इथं आहे. सुलूनं दोन-तीनदा समजावलं, वन्सं, दारावर कोणी थाप मारली तरी तुम्हाला कळायचं नाही. ते खरं होतं. ती मंडळी गेल्यावर दुर्गानं माधवनगरात एक खोली घेतली, आणि दाराची कडी आतून एका दोरीनं पितळी तांब्याला बांधली. कोणी दार ढकललं की तांब्या फळीवरून पडे, आणि उजव्या कानाला तेवढं समजे. पहिल्या वर्षात तो दोनदा पडला. दोन्ही वेळा मांजर होतं.

सत्तावन्नच्या जूनमध्ये सरांचीही बदली झाली, पार रीवाला. ते दर महिन्याला पत्र लिहीत. पत्रात दुर्गा बहिरी नव्हती. ती एकेक पत्र चार-पाच वेळा वाचायची आणि सविस्तर उत्तर द्यायची. नवे प्रमुख चांगले होते, पण हिंदीत भराभर बोलत. कित्येक दिवस असे जात, की संध्याकाळी खोलीवर आल्यावर तिच्या लक्षात येई, आज आपण कोणाशी एक शब्दही बोललो नाही. मग ती मोठ्यानं काहीतरी म्हणून पाही. आपला आवाज कसा निघतो हे तिला ठाऊक नव्हतं.

त्याच हिवाळ्यात तिनं आंब्याच्या लाकडाचे सहा तुकडे जाळीच्या पिशवीत भरले, विटेला बांधले आणि राम घाटावर रामरतन केवटाकडे गेली. त्याला तिनं हातवाऱ्यांनी समजावलं. त्यानं आपल्या नावेच्या खुंटाला पिशवी बांधली, आणि कोणी हात लावला तर मी पाहीन, असं छातीवर हात ठेवून दाखवलं. दर रविवारी ती जाई. पिशवी आहे असं तो लांबूनच हात वर करून सांगे.

मार्चमध्ये तिनं पिशवी काढली. सहापैकी एका तुकड्यावर काळे ठिपके उठले. तिनं पाण्याच्या थेंबात ठिपका फोडला आणि डोळा लावून बसली. पंचवीस मिनिटं काही झालं नाही. मग टोपी सैल झाली. दहा वर्षांपूर्वी पाहिलेलं सगळं तसंच पुन्हा झालं, आणि हे सांगायला विभागात कोणीच नव्हतं. तिनं दर पाच मिनिटांनी एक अशी आठ चित्रं काढली.

ती सरांना पाठवून तिनं विचारलं, इंग्लंडला कळवू का? उत्तरात रीवाच्या उन्हाळ्याबद्दल होतं, धाकट्या मुलीच्या, कल्पनाच्या, लग्नाबद्दल होतं. चित्रांबद्दल अक्षर नव्हतं. तिनं पुन्हा विचारलं. पुन्हा तसंच. तिसऱ्या पत्रात तिनं लिहिलं की महिनाअखेरपर्यंत आपण नको म्हणाला नाहीत तर मी कळवीन. त्या पत्राच्या उत्तरात सरांनी आंब्याच्या लोणच्याची कृती विचारली होती.

दुर्गानं शब्दकोश घेऊन चार दिवसांत इंग्रजी पत्र तयार केलं. त्यात तिनं एक वाक्य घातलं: पहिल्या लेखातल्या चित्रात धागे राहून गेले, ती चित्रकाराची, म्हणजे माझी, चूक होती; प्रोफेसर आठल्ये यांना त्याची कल्पना नव्हती. हे वाक्य लिहायला तिला सगळ्यांत कमी वेळ लागला. फ्रीगंजच्या पोस्टात तिनं पाकीट रजिस्टर केलं.

उत्तर आलं. तज्ज्ञांनी ओलं लाकूड मागितलं होतं. तिनं शेवाळात गुंडाळून, डब्यात घालून ते विमानटपालानं पाठवलं. मग दीड वर्ष काही नाही. साठ सालच्या जुलैत छापील लेख आला. शिप्रेला पुन्हा स्वतंत्र प्रजाती झाली होती. शिवाय धाग्यांमुळे तिचं कुलही बदललं होतं. समुद्रातल्या लाकडावर राहणाऱ्या बुरश्यांजवळ तिला बसवलं होतं. दुर्गाची आठही चित्रं नावानिशी होती. आणि तळटीपेत तिचं ते वाक्यही होतं.

लेखाची एक प्रत सरांकडेही गेली असणार. त्यांचं पत्र महिन्यानं आलं. इतकी वर्षं ते ‘चि. दुर्गा हिस अनेक आशीर्वाद’ असं सुरू करत. या पत्राच्या माथ्यावर ‘कु. वाकनीस यांस’ होतं. मजकूर चार ओळींचा होता.

‘आपण लिहिलेली तळटीप वाचली. ती खरी नाही. आपण माझ्यासाठी खोटं लिहायला नको होतं. धागे माझ्या सांगण्यावरून चित्रातून खोडले गेले, असं मी संपादकांना कळवलं आहे.’

पुढच्या वर्षीच्या अंकात तशी दोन ओळींची दुरुस्ती आली, सरांच्या सहीची. दुर्गानं त्यांना लिहिलं, मग दिवाळीला लिहिलं, मग संक्रांतीला तिळगूळ पाठवला. त्यांच्याकडून काही आलं नाही. ते अजून रीवालाच आहेत आणि प्रकृती बरी आहे, एवढं तिला दुसऱ्याच एका प्राध्यापकाकडून कळलं.

बासष्ट सालच्या मेच्या सुट्टीत ती भोपाळला भावाकडे गेली. जेवणं झाल्यावर तिनं लेख आणि दुरुस्ती दोन्ही श्रीकांतपुढे ठेवली. त्यानं चष्मा लावून दोन्ही वाचलं. इंग्रजी त्याला येत होतं, पण विषय नाही. तिनं समजावून सांगितलं. धागा कसा उलगडतो ते बोट हवेत फिरवून दाखवलं. सुलू भांडी आवरता आवरता थांबून पाहत होती.

“म्हणजे तुमची बुरशी परत मिळाली,” श्रीकांत तिच्याकडे तोंड करून, सावकाश म्हणाला.

“हो.”

“सर खूश झाले असतील.”

दुर्गानं कागदांच्या घड्या केल्या.

“त्यांनी कळवलं नाही,” ती म्हणाली.