शिवणीतली माया

खामगावात ज्याच्या अंगावर शर्ट नीट बसलेला दिसेल, त्यानं आमच्या शिंपीचाचांची बोलणी खाल्लेली आहेत असं खुशाल समजावं. चाचा माप घेतात ते चारचौघांत, मोठ्यानं वाचून. कुणी श्वास रोखला की म्हणतात, "पोट सोड बे, टेपापासून काय लपवतं?" माझे बाबा त्यांचे जिगरी दोस्त होते, म्हणून मला खास सवलत: माझ्या वाट्याला दुप्पट बोलणी. पण मायेच्या बाबतीत हा माणूस भलता उदार. पुढे माणूस अंगानं सुटला तर उसवून वाढवता यावं म्हणून शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड ठेवतात, त्याला शिंपी माया म्हणतात. बाकीचे बोटभर ठेवतात, चाचा चांगली दोन बोटं. कोपऱ्यावरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी चाचांच्या हातचा एकच फ्रॉक पाचवीपासून आठवीपर्यंत घातला होता, एवढं सांगितलं तरी पुरे.

गेल्या हिवाळ्यात खोकल्याचं निमित्त करून मी चाचांना या बाईंकडे नेलं, तर बीपी निघालं एकशे साठ. बाई म्हणाल्या, एकदाच मोजून गोळी सुरू करायची नाही. आठ दिवस घरी सकाळ-संध्याकाळ, पाच मिनिटं शांत बसून मोजा, लिहून ठेवा, मग ठरवू. मी माझ्याकडचं बीपीचं मशीन नेऊन दिलं. बाबांना लकवा झाला तोवर त्यांचं बीपी कुणी मोजलंच नव्हतं. ते गेल्यावर मी घाईघाईनं हे घेतलं आणि खोकंही न फोडता कपाटात ठेवलं. चाचा गोळीला मनापासून भ्यायचे. एकदा लागली की जन्मभर सुटत नाही, असं त्यांचं ठाम मत. म्हणून त्यांनी बीपीतही माया शोधली. मापाच्या वहीत, कुणाच्या तरी पायजम्याच्या खाली, लिहिलं: "सकाळी १५८. गिऱ्हाईक भांडून गेलं, दहा कमी. जिना चढलो, दहा कमी. लोणचं खाल्लं, दहा कमी." आठव्या दिवशी हा मनुष्य वजाबाकी करत करत विशीतल्या पोरासारखा ठणठणीत झाला होता.

बाईंनी वही वाचली, पोटभर हसल्या. मग गंभीर झाल्या. आकडे आठही दिवस चढेच होते, तपासणीत रक्तातली साखर वाढलेली निघाली होती, लघवीतून प्रोटीनही जात होतं. आता वाट पाहण्यात अर्थ नव्हता. चाचा म्हणाले, "अजून माया हाये बेटा, थांबू थोडं." बाईंनी वही मिटली.

"चाचा, माझ्या फ्रॉकात माया तुम्ही शिवतानाच ठेवली होती ना? की फाटल्यावर?"

चाचांनी वही काखेत मारली आणि गोळीची चिठ्ठी मागून घेतली. दुसऱ्या दिवसापासून चहानंतर बिस्मिल्ला म्हणून गोळी सुरू झाली. आता आकडा ताब्यात आहे आणि जीभ पूर्वीसारखीच बेताबाहेर, त्यामुळे आम्ही सगळे सुखात आहोत.

परवा मी पॅन्ट सैल करायला नेली. चाचांनी शिवण उसवून पाहिली आणि पॅन्ट माझ्याकडे टाकली. "झाली तुही माया खतम." मग स्टूल पुढे ओढून मला बसवलं, दंडाला बीपीचा पट्टा बांधला आणि पाच मिनिटं स्वतःही बोलले नाहीत. आकडा आला एकशे अठ्ठेचाळीस. तो त्यांनी माझ्या पानावर, कमरेच्या मापाखाली लिहिला. मग वहीची जुनी पानं मागे उलटत बाबांच्या पानावर आले. छाती, खांदा, बाही, गळा, सगळं चाचांच्या वळणदार अक्षरात. त्यावर बोट ठेवून म्हणाले, "तुह्या बापाची सगळी मापं हायेत माह्यापाशी. हे एक तेवढं राह्यलं." मग चष्मा पुसला आणि म्हणाले, आठ दिवस रोज येजो.

मी रोज जातो, मुकाट्यानं स्टुलावर बसतो. चाचा आकडा लिहून घेतात, पण माझ्या आकड्यातून ते काहीच कमी करत नाहीत.