घरातलं हेल्मेट

मी आयुष्यभर हेल्मेटला विरोध केला आणि हल्ली मी हेल्मेट घालून वरण-भात जेवतो.

हेल्मेटसक्तीविरुद्धच्या आमच्या मोर्चात पुढचा फलक माझ्या हातात असायचा. अशा माणसाने स्कूटरवरून पडणं म्हणजे चळवळीशी गद्दारीच. मी पडलो, पण स्टँडवर उभ्या असलेल्या स्कूटरवरून! तिच्यावर बसून चपलेतला खडा काढत होतो, ती कलंडली आणि माझं डोकं पार्किंगच्या खांबावर आदळलं. (गाडी बंद होती, तेव्हा माझी भूमिका कायम आहे.)

डॉक्टर म्हणाले, मेंदूला हिसका बसलाय, वेळ लागेल. या गोष्टीला वर्ष झालं. एरवी मी ठणठणीत, पण डोक्याला जरासा धक्का लागला की दोन-तीन दिवस कामातून गेलो. उजेड डोळ्यांत खुपतो, मिक्सर लागला की कवटीतच चटणी वाटतंय असं वाटतं आणि शब्द सापडत नाहीत. एकदा मी सुनंदाकडे, म्हणजे बायकोकडे, ‘ते शिट्टीचं’ मागितलं. तिने मुकाट्याने कुकर पुढे केला. तीस वर्षं सरकारी मसुदे लिहिलेला माणूस मी, भयंकर राग आला स्वतःचा.

त्यात सुनंदाने स्कूटरची किल्ली आपल्या पर्समध्ये टाकली. डॉक्टरांची अट होती की सलग तीस दिवस त्रास झाला नाही, तरच गाडी चालवायची. तोवर मी रोज कर्वेनगरच्या चौकात रिक्षावाल्यांना ‘येणार का?’ विचारत होतो आणि ते तोंड फिरवत होते. मला किल्ली हवी होती, बास.

सुनंदा कॅलेंडरवर दिवस मोजू लागली. अकराव्या दिवशी स्वयंपाकघरातल्या कपाटाचं दार डोक्याला लागलं. पुन्हा एकपासून. एकोणिसाव्या दिवशी बसचा दांडा. पुन्हा एक. सव्विसाव्या दिवशी नातवाच्या बारशाला मी पाळण्यात वाकलो, तर पलीकडून व्याहीही वाकले. त्यांना काहीही झालं नाही. मी मात्र दोन दिवस अंधारात पडून.

“अहो, घाला की ते आता,” सुनंदा म्हणाली.

“काय ते?”

“हेल्मेट.”

“त्यापेक्षा मी जन्मभर रिक्षाने जाईन.”

“नेतायत का ते?”

यावर मला उत्तर सुचेना. (धक्क्याचा परिणाम असणार.)

रात्रभर विचार करून मी तोडगा काढला. सक्ती गाडीवर आहे, घरात नाही. तेव्हा मी घरातच हेल्मेट घालणार आणि गाडीवर घालणार नाही. कुणाच्या बापाची भीती नाही! मुलाने आणलेलं हेल्मेट माळ्यावर होतं, त्यात सुनंदा लसूण ठेवायची. ते काढायला मी स्टुलावर चढलो आणि हेल्मेट हातात धरून छताला डोकं आपटलं.

चौथ्या दिवसापासून मोजणी पुन्हा सुरू झाली. मी हेल्मेट घालून पेपर वाचला, पूजा केली, कुरिअरवाल्याला सही दिली. तो दोन पावलं मागे सरकला होता. डोक्याला लसणाचा वास येई, पण दारं आपटली, नळ लागले, मी ढिम्म. तिसाव्या दिवशी सुनंदाने किल्ली हातावर ठेवली. मला रडूच आलं, पण काचेमुळे तिला ते दिसलं नाही.

तडक खाली उतरलो आणि स्कूटर शनिवार पेठेच्या दिशेला काढली. वारा, मोकळा रस्ता, कुणाची मिनतवारी नाही. सिग्नलला शेजारी एक गाडी थांबली. वर आमच्या मोर्चातले बर्वे, उघड्या डोक्याने. ते माझ्याकडे टक लावून बघत होते.

“जोशी, हे काय डोक्यावर?”

मी हात लावून पाहिला. तीस दिवसांची सवय!

“हे घरातलं आहे,” मी ठणकावून सांगितलं. “काढायचं राहिलं.”

“मग काढा की आता.”

“काढलं असतं हो,” मी म्हणालो, “पण ते एका हातात धरून गाडी चालवणं फार धोक्याचं असतं.”