मालकाच्या चहाची चव

केरमानच्या एका गालिच्याच्या कारखान्यात विणकर बायकांची मतं कागदावर घेतली होती. ती फारसीतून इंग्रजीत करायचं काम फरंगीसकडे आलं. परदेशी खरेदीदार ती वाचून, मालकाला उजेडासाठी भिंतीत खिडक्या बसवायला लावायच्या की नाही, ते ठरवणार होते. फरंगीसची सल्तनत नावाची मावशी तिथंच विणायची. अंधारात गाठी मारून मारून तिला आता सुईत दोरासुद्धा ओवता येत नव्हता.

'उजेड कसा आहे?' या प्रश्नापुढे मावशीसकट बहुतेक सगळ्यांनी 'वाईट नाही'वर खूण केली होती.

"इथं 'समाधानकारक' लिहा," मालक मोहतशम म्हणाले.

फरंगीसच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "आगा, कागद वाटताना तुम्ही स्वतः चहा घेऊन फिरत होतात. ज्याचा चहा हातात, त्याच्या तोंडावर 'वाईट' कोण म्हणेल? आपल्यात 'वाईट नाही' म्हणजे काय, हे तुम्हाला मी सांगू?"

"उगाच शब्दाचा कीस काढू नका, खानम. चहा घ्या बघू. कसा झालाय?"

तिनं एक घोट घेतला. "वाईट नाही."

मोहतशम ओशाळून उठलेच. "अरेरे, गार झाला वाटतं! कोण आहे रे तिकडे? खानमना ताजा चहा आणा!"

"कळलं ना बरोबर?" फरंगीस कडाडली. "मग माझ्या मावशीच्या वेळी कुठं गेली होती ही समज?"

आणि त्यांच्यादेखत तिनं इंग्रजीत लिहिलं: 'कसंबसं निभावतंय.'